कुत्रा आणि त्याचं काम
प्रस्तावना

कुत्र्यांच्या जातींवरची पुस्तकं बहुधा उंची, वजन, केसांचा पोत आणि कानांची ठेवण यांच्या तक्त्याने सुरू होतात. या पुस्तकात ते तक्ते परिशिष्टात गेले आहेत. इथे प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एका चौकशीने होते: हा कुत्रा कुठल्या लोकांनी, कुठल्या हवेत, कुठल्या कामासाठी घडवला? आणि लगेच दुसरी चौकशी: त्यातलं काय पालघर, बोईसर, तारापूरच्या पट्ट्यात त्याच्या वाट्याला येणार आहे? लॅब्राडोर पाण्याचं पिंप दिसलं की त्यात का शिरतो, घरातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत पांगली की जर्मन शेफर्ड अस्वस्थ का होतो, डॅक्सहुंड कुंडीतली माती का उकरतो, याची उत्तरं त्यांच्या पूर्वजांच्या रोजच्या राबण्यात सापडतात. मालक ज्याला खोड म्हणून मारतो, त्याच गोष्टीसाठी दोनशे वर्षांपूर्वी एखाद्या धनगराने किंवा शिकाऱ्याने त्या कुत्र्याच्या पणज्याची निवड केलेली असते.

हा पट्टा निवडण्याचं कारण असं की, इतक्या थोड्या अंतरात कुत्र्यांची इतकी वेगवेगळी आयुष्यं क्वचितच पाहायला मिळतात. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 साली सुरू झाले. बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं नोकरीला आली. एप्रिल 2013 मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, आणि भातखाचरांच्या जागी सात-सात मजली इमारती आल्या. आज अशा इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एखादा हस्की असतो. खाली गेटवर वॉचमनच्या डब्यातल्या चपातीची वाट पाहणारी गावठी कुत्री असते. पश्चिमेला सातपाटी, नवापूर, दांडीच्या कोळीवाड्यांत ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत कुत्रे झोपलेले असतात, तर पूर्वेला मनोर ओलांडून विक्रमगड-जव्हारकडे निघालं की पाड्यावरच्या घराघरापुढे एखादा राखणदार उठून उभा राहतो.

या सगळ्यांत पहिलं प्रकरण गावठी कुत्र्याला दिलं आहे. त्याला जात मानायचं की नाही यावर जाणकारांत वाद होतील, पण मला वाटतं पहिला मान त्याचाच आहे. लांडग्यापासून कुत्रा वेगळा झाल्याला किमान पंधरा हजार वर्षं झाली असावीत. जर्मनीत बॉन-ओबरकासेल इथे माणसांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत. आपल्याकडे दायमाबादला सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन बैलरथाच्या दांडीवरही एक छोटा कुत्रा उभा आहे. याउलट आज आपण ज्यांना जाती म्हणतो, त्या वंशावळीच्या वह्यांत बंद केलेल्या जाती जेमतेम दीडशे वर्षांच्या आहेत. पहिलं मोठं श्वानप्रदर्शन इंग्लंडात न्यूकॅसलला 1859 साली भरलं आणि तिथला केनेल क्लब 1873 साली स्थापन झाला. त्यानंतरच अमुक कान, अमुक शेपूट, अमुक रंग अशी मोजमापं पक्की झाली. गावठी कुत्र्याला कुणी मोजमाप दिलं नाही. उष्मा, पाऊस, गोचीड, उपासमार आणि बिबट्या यांनी जे मागे ठेवलं, तेच त्याचं रूप झालं: मध्यम बांधा, आखूड केस, उभे कान, वळलेली शेपटी. विलायती कुत्री वर्षातून बहुधा दोनदा माजावर येते, गावठी कुत्री साधारण एकदाच. भाद्रपदात माज आणि कार्तिकाच्या सुमारास पिल्लं हा तिचा क्रम. ऐन पावसाची झोड सरल्यावर पिल्लं बाहेर येतात, त्यामुळे ती जगण्याची शक्यता वाढते.

गावठी कुत्र्याचं काम म्हणजे राखण. वारली चित्रांत तारपा, नांगर, ताडी काढणारा माणूस आणि शिकार यांच्यासोबत कुत्रा येतोच. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि तिथून जगभर नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रपरंपरेत कुत्रा शोभेपुरता काढलेला नसतो, तो माणसांच्या पुढे किंवा मागे कामावर असतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं काम संपलं, राखणीचं मात्र शिल्लक राहिलं. आणि पालघरच्या पूर्वपट्टीत राखण म्हणजे बिबट्याची चाहूल देणं. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघ-बिबट्याचा देव असलेल्या वाघोबाची दीडशेहून अधिक देवस्थानं अभ्यासकांनी नोंदवली आहेत. वाघोबाला मान द्यायचा आणि गोठ्यापाशी कुत्रा ठेवायचा, या दोन्ही गोष्टी वारली कुटुंबात एकत्र नांदतात. कुत्र्याला या कामाची भारी किंमत मोजावी लागते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. पाड्यावरचा कुत्रा रात्री भुंकतो तेव्हा तो गावाला जागं करत असतो आणि त्याच वेळी स्वतःचा ठावठिकाणा बिबट्याला कळवत असतो.

लॅब्राडोरचं प्रकरण सर्वांत लांब झालं आहे आणि ते मी मुद्दाम कापलं नाही. किनाऱ्यावरच्या वाचकाला या कुत्र्याची मूळ कहाणी जितकी कळेल तितकी ती इतर कुणाला कळणार नाही. हा कुत्रा मासेमारांचा. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड बेटावर कॉड पकडणाऱ्या होड्यांवर आखूड, तेलकट केसांचा एक काळा कुत्रा असे. गळातून निसटलेला मासा तोंडात धरून आणायचा, जाळ्याची दोरी किनाऱ्यापर्यंत ओढायची, बर्फासारख्या पाण्यात पुन्हा पुन्हा उडी घ्यायची, हा त्याचा दिवस. तिथून माशांच्या जहाजांबरोबर तो इंग्लंडात पोहोचला. मामस्बरीचे अर्ल आणि बक्लूचे ड्यूक यांच्या घराण्यांनी त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी वाढवलं. 1903 मध्ये केनेल क्लबने त्याला जात म्हणून मान्यता दिली. बोटांमधला पडदा, पाण्यात सुकाणूचं काम करणारी जाड शेपटी, दाताचा ओरखडाही न उठवता वस्तू उचलणारं तोंड, हे सगळं त्या दोन कामांचं देणं आहे. सातपाटीच्या धक्क्यावर पापलेट उतरताना घुटमळणारा कुत्रा मासळीच्या आशेने आलेला असतो. न्यूफाउंडलंडचा कुत्रा मासळीच्या कामावर होता. दोन्ही किनाऱ्यांवर मासेमारीच होती, तरी कुत्र्याला दोन वेगळी आयुष्यं मिळाली.

लॅब्राडोरची भूक हा चेष्टेचा विषय झाला आहे, पण त्यामागे शरीरातलं कारण आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिलं की, लॅब्राडोरांपैकी जवळपास चौथ्या हिश्शात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची खूण मेंदूला नीट पोहोचत नाही. अपंगांच्या मदतीसाठी निवडलेल्या लॅब्राडोरांत हेच प्रमाण तीन चतुर्थांशांवर गेलं. खाऊच्या एका तुकड्यासाठी शंभर वेळा तेच काम आनंदाने करणारा कुत्रा शिकवायला सोपा जातो, हे त्यामागचं संभाव्य कारण. बोईसरच्या फ्लॅटमध्ये मात्र शिकवणी नसते, खाऊ तेवढा असतो. चार वर्षांत कुत्रा लठ्ठ होतो, मागचे पाय आणि कंबर धरतात. त्याला रोज तासभर चालवणं, वस्तू लपवून वासावर शोधायला लावणं आणि वाटी मोजून भरणं, एवढं केलं तरी त्याचं निम्मं दुखणं टळेल.

याच भुकेचा आणि नाकाचा मेळ मुंबईने 1993 साली पाहिला. 12 मार्चच्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या श्वानपथकातल्या जंजीर नावाच्या लॅब्राडोरने मुंबई-ठाण्यात स्फोटकं शोधून दिली. त्याच्या नावावर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, सहाशे डिटोनेटर आणि शेकडो हातबॉम्ब जमा आहेत. पुण्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात तयार झालेला हा कुत्रा नोव्हेंबर 2000 मध्ये वारला, तेव्हा त्याला पोलीस इतमामाने निरोप दिला गेला. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रोमिओ आणि ज्युली या लॅब्राडोरांनी ढिगाऱ्याखालच्या सहा वर्षांच्या मुलीचा माग दिला. तारापूरच्या अणुवीज केंद्राचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे आणि या दलात श्वानपथकं असतात. लॅब्राडोरबरोबर आता बेल्जियन मॅलिनॉइसही सुरक्षा दलांत आला आहे. अंगाने हलका, उडी लांब आणि काम सोडायला तयार नसलेला. मूळ बेल्जियमच्या मेंढपाळांचा हा कुत्रा घरात पाळण्याचा विचार कुणी करत असेल, तर त्याने ते प्रकरण दोनदा वाचावं. कामाशिवाय मॅलिनॉइस घर मोडतो आणि स्वतःही मोडतो.

राखणीच्या विलायती कुत्र्यांची तीन प्रकरणं सलग येतात. जर्मन शेफर्डची जात 1899 साली माक्स फॉन स्टेफानित्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने बांधली. त्याआधी हा कुत्रा जर्मन शेतांच्या कडेने मेंढरांचा कळप सांभाळत असे. कुंपण नसलेल्या रानात दिवसभर कळपाच्या सीमेवर फेऱ्या मारायच्या, एकही मेंढी पिकात जाऊ द्यायची नाही. घरातली माणसं पांगली की तो खोल्या मोजत फिरतो, ते याच सवयीतून. डॉबरमनही साधारण त्याच काळातला. अपोल्डा गावात करवसुली करणाऱ्या लुइस डोबरमानला पैशांची थैली घेऊन एकट्याने फिरताना सोबती हवा होता. मुंबई पोलिसांचं श्वानपथकही 1959 साली तीन डॉबरमनांवर सुरू झालं. रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा, गुरं बाजारापर्यंत हाकणारा आणि परतताना पैसे सांभाळणारा. तिघांच्याही कामात माणसाशी सतत संबंध होता. आपल्याकडे मात्र वाडीच्या किंवा बंगल्याच्या फाटकाला चार फुटी साखळीने बांधून ठेवला, की कुत्रा राखणदार झाला असं मानतात. साखळीतला कुत्रा येणाऱ्यापासून दूर सरकू शकत नाही, म्हणून तो चावायला शिकतो. पुढे तोच चावा जातीच्या नावावर लिहिला जातो. हे थांबलं पाहिजे, आणि थांबवणं मालकाच्या हातात आहे.

जात आणि स्वभाव यांचं गणित लोक समजतात तितकं सरळ नाही. अमेरिकेत 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासून केलेला एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी फक्त नऊ टक्क्यांच्या आसपास फरक जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. माणसाचा इशारा ऐकण्याची तयारी जातीवर बऱ्यापैकी ठरते, रागीटपणा मात्र फारसा ठरत नाही. मग कामावरून ओळख करून देणाऱ्या या पुस्तकाचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. कामाने कुत्र्याला आवडी दिल्या: पाणी, माग, पळती वस्तू, कळप. त्या आवडी भागल्या की उपाशी राहिल्या, यावर आणि पहिल्या चार महिन्यांत पिल्लाला माणसं कशी भेटली यावर त्याचा स्वभाव पुष्कळसा घडतो. 12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने रॉटवायलरसह 23 जाती ‘हिंस्र’ ठरवून त्यांच्या विक्रीवर बंदी घालण्याचं पत्रक काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं. त्या धास्तीच्या दिवसांत पाळलेले कुत्रे रस्त्यावर सोडून देण्याचं पाप तरी कुणी करायला नको होतं.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरचा कारवान, त्याच कुळातला मुधोळ हाउंड, यांच्याबद्दल आपल्या भागात कुतूहल वाढलं आहे. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी हे शिकारी कुत्रे जोपासले आणि राजे पंचम जॉर्ज यांना भेट दिले. 2005 साली चार भारतीय जातींची टपाल तिकिटं निघाली, त्यांत मुधोळ होता. 2016 पासून मीरतच्या लष्करी केंद्रात त्याची चाचणी झाली. हा कुत्रा नजरेवर शिकार करतो. मोकळ्या माळावर ससा दिसला की बाण सुटल्यासारखा जातो. आपल्या दाट वस्तीत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग यांच्या मधोमध, पट्टा सुटलेला मुधोळ दोन मिनिटांत कुठे पोहोचेल याचा विचार आधी करावा. ज्यांच्याकडे तारेच्या कुंपणाची चिकूची वाडी आहे, त्यांच्याकडे मात्र तो सुखाने राहील. जातिवंत कुत्रा घ्यायचाच असेल, तर हस्कीपेक्षा हा हजारपट बरा.

हस्कीचं प्रकरण लहान आहे, कारण त्यात सांगायचं ते थोडं आहे. सैबेरियाच्या चुकची लोकांचा हा कुत्रा हलकं ओझं घेऊन बर्फावर दिवसेंदिवस धावण्यासाठी घडला. 1925 च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे एक हजार किलोमीटर अंतर कुत्र्यांच्या गाड्यांनी तोडून प्रतिविष (सीरम) पोहोचवलं. त्या कुत्र्यांच्या वंशजाला मे महिन्यात बोईसरच्या बंद खोलीत ठेवणं मला योग्य वाटत नाही. कुत्र्याला पंजांखेरीज घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून तो अंग थंड करतो. समुद्राकाठच्या दमट हवेत ही ओल नीट उडत नाही, आणि दाट दुहेरी केसांच्या कुत्र्याला उष्माघात व्हायला कडक ऊनही लागत नाही. पगचं दुखणं याच प्रकारचं. चिनी दरबारात मांडीवर बसण्यासाठी वाढवलेल्या या कुत्र्याचं नाक माणसानेच आत दाबलं, धाप टाकायचा रस्ताच अरुंद केला. 2003 साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग दिसला आणि देशभर त्याची मागणी वाढली. त्याला वातानुकूलित खोली लागते हे त्या जाहिरातीत नव्हतं. आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणतात तो इंडियन स्पिट्झ या हवेत पिढ्यान्‌पिढ्या रुळला आहे. लहान घरात बेल वाजायच्या आधी खबर देणं हे त्याचं काम आणि ते तो मनापासून करतो.

आजारांच्या प्रकरणात इथल्या हवेचा विचार ठेवला आहे. पावसाळ्यात दमट कानांत बुरशी, साचलेल्या पाण्यातून लेप्टो, आणि वर्षभर गोचीड. गोचिडातून येणारा एर्लिकिया ताप हा या किनारपट्टीवरचा मोठा शत्रू आहे. तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, खाटेच्या सांध्यात अंडी घालते, म्हणून कुत्र्याबरोबर घरही साफ करावं लागतं. कुत्रा जेवेनासा झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. कारखान्यांच्या भागात आणखी एक काळजी. ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली. नदीत सोडलेल्या रंगाच्या सांडपाण्यात ती अन्नाच्या शोधात उतरत होती. औद्योगिक वसाहतीतल्या नाल्याच्या पाण्यात कुत्र्याला उतरू देऊ नये, लॅब्राडोरला तर नाहीच.

शेवटच्या प्रकरणात रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी आणि कायद्याविषयी लिहिलं आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि त्याच जागी सोडायचं. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे हा विषय घराघरांत पोहोचला. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, स्थानकं अशा ठिकाणांहून कुत्री हलवण्याचा आदेश झाला. हलवण्याआधी नसबंदीचं काम प्रामाणिकपणे झालं असतं, तर ही वेळ आली नसती, असं माझं ठाम मत आहे. चावा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. भगत, हळद, चुना यांत गेलेला वेळ परत येत नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

विकत पिल्लू घेणाऱ्यांनी 2017 चे श्वानपैदास नियम माहीत करून घ्यावेत. विक्रेत्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू खोक्यातून आणून देणाऱ्याकडून काहीही घेऊ नये. पैसे द्यायच्या आधी आई पाहायला मागावी, ती कुठे राहते, माणसाजवळ कशी येते ते पाहावं. आणि कार्तिक सुरू असेल, तर आधी आपल्याच इमारतीच्या मागे, वाडीच्या बांधावर नजर टाकावी. तिथे एखादी गावठी कुत्री पिल्लं घेऊन बसलेली असते. ती दोन महिन्यांची झाली की त्यांतलं एक घरी आणता येतं. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, तीन महिने झाले की रेबीजची. पहिल्या प्रकरणातलं पिल्लाच्या आहाराचं पान त्यासाठी वेगळं काढून भिंतीवर लावता येईल असं छापलं आहे.